मुठेकाठचा एक रविवार
(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय सुचवला होता, ‘एआय आणि आपल्या मुलांचं भविष्य’. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय विचारणार? पण त्या विषयावरचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येतात, आणि पाठवणारे बहुतेक जण आज समोरच बसले आहेत. म्हणून मी परवानगी काढून विषय बदलला. मी आज नदीबद्दल बोलणार आहे. लांबच्या नाही, आपल्याच मुठेबद्दल.

भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत आहेत. बाई, तुम्ही आमच्याकडून भीमेच्या उपनद्या पाठ करून घेतल्या होत्यात. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, सीना, माण. मला झोपेतून उठवलं तरी आजही म्हणता येतात. मुळा आणि मुठा संगमावर भेटतात, पुढे भीमेला मिळतात, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. नकाशात ही निळी रेघ मी इतक्या वेळा काढली आहे! आणि आपल्या वर्गापासून ती रेघ चालत पंधरा मिनिटांवर होती. तिथे मात्र आपल्यातलं कुणी जात नसे. ‘तिकडे काय आहे, घाण’ असं घरी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

गेल्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी सात वाजता, आम्ही विठ्ठलवाडीच्या देवळापाशी नदीफेरीला गेलो. पुण्यात जीवितनदीसारख्या संस्था गेली काही वर्षं अशा फेऱ्या घेतात, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. आम्ही गेलो ती लहानशी, कुटुंबांसाठी ठेवलेली फेरी होती. पंचवीसेक माणसं, त्यात चार वर्षांची एक चिमुरडी आणि माझे चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा. नवरा, सहावीतली लेक, बाबा आणि मी, अशी आमची वरात. बाबांना मी आग्रह केला नव्हता. नातीने केला. आजोबांना ती नाही म्हणू देत नाही.

फेरी नेणारी ताई पर्यावरणशास्त्र शिकलेली, वयाने आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिने सुरुवातीलाच सांगितलं की वासाबद्दल एकदाच बोलायचं, आत्ता. सगळ्यांनी नाकं मुरडून घेतली, चिमुरडीने तर मनसोक्त, आणि मग खरंच पुढचे अडीच तास तो विषय कुणी काढला नाही. ही युक्ती मी ऑफिसातल्या मीटिंगांना लावून पाहिली आहे. तिथे चालत नाही.

पहिला थांबा खडकावर. विठ्ठलवाडीला नदीच्या पात्रात काळा कातळ उघडा आहे. हा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला खडक, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्या घरांचा, वाड्यांच्या जोत्यांचा, पर्वतीच्या पायऱ्यांचा दगड हाच. त्याच्या भेगांमधून काही ठिकाणी झरे येतात. ताईने एका जागी पानं बाजूला केली आणि खाली स्वच्छ पाण्याची बारीक धार वाहताना दिसली. तिथून दहा पावलांवर काळं पाणी. मुलं कितीतरी वेळ एकदा इकडे आणि एकदा तिकडे पळत होती. मला वाटतं, नदी म्हणजे काय हे त्यांना तिथेच कळलं, पुढचं सगळं तपशील होतं.

ते काळं पाणी नदीचं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. वर खडकवासला. त्याच्या मागे पानशेत, वरसगाव, टेमघर. या चार धरणांची साठवण मिळून एकोणतीस टीएमसीच्या थोडी वर. पावसाळा संपला की हे पाणी धरणातून दोन वाटांनी निघतं: आपल्या नळांकडे आणि कालव्यातून शेतीकडे. नदीत जवळजवळ काहीच सोडलं जात नाही. मग जानेवारीत पात्रात वाहतं ते काय? नळातून घरात आलेलं, आपण वापरलेलं आणि पुरतं शुद्ध न होता परत आलेलं पाणी. आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर मूळ इनपुट बंद आहे आणि आपण आउटपुटकडे बघून नाक मुरडतो आहोत.

दुसरा थांबा प्रयोगाचा. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी दांड्या मारल्या त्यांनी आता लक्ष द्यावं. ताईकडे दोन बाटल्या होत्या. एकीत नदीचं पाणी, दुसरीत तिने घरून आणलेलं नळाचं पाणी, हवेशी खेळवलेलं. दोन्हींत मॅंगनीजचा क्षार आणि अल्कली टाकली. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नळाच्या पाण्याचा साका चहासारखा तपकिरी झाला. नदीच्या बाटलीत पांढरट ढगच तरंगत राहिले. माशांना साधारण लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी ऑक्सिजन लागतो. आमच्या लेकीने विचारलं, “मग इथे कुणीच राहत नाही का?” ताईने काठाचा चमचाभर गाळ पांढऱ्या बशीत पसरला. त्यात लालबुंद, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे नावापुरता ऑक्सिजन असला तरी त्या तग धरतात. पुढे त्यांचे डासांसारखे दिसणारे, पण न चावणारे कीटक होतात. मुलींनी किंचाळून घेतलं आणि मग बशीवरून हललीच नाहीत कुणी.

पक्षी पुष्कळ दिसले. वंचक, खंड्या, शेपूट नाचवणारे धोबी, पाणकावळे, आणि शेकाट्या तर थव्याने. लांब लाल-गुलाबी पाय, काळे पंख, पांढरं पोट. फोटोत अतिशय देखणा येतो. माझ्या नवऱ्याने लगेच म्हटलं, “एवढे पक्षी आहेत म्हणजे नदी काही इतकी वाईट नसणार.” तिथे ताईने जे सांगितलं ते मला फार पटलं. शेकाट्याला उथळ, गाळाचं, किडे-अळ्यांनी भरलेलं पाणी आवडतं. सांडपाण्यावर तो चांगला पोसला जातो. त्याची गर्दी वाढणं ही आनंदाची बातमी असेलच असं नाही. नुसते आकडे मोजून उपयोग नाही, कशाचे आकडे वाढले ते बघायचं. मी रोज सर्व्हरचे आलेख बघते. वर जाणारी रेघ दिसली की टाळ्या वाजवणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना एकदा विठ्ठलवाडीला न्यायला हवं.

झाडांबद्दल एवढंच सांगते की नदीकाठचं वाळुंज मी आयुष्यात पहिल्यांदा ओळखलं. ते विलोच्या कुळातलं, आणि ते आपलं, इथलं. मुळं पाण्यात, फांद्या पाण्यावर ओणवलेल्या. उंबर आणि करंज होतेच. ही झाडं काठ धरून ठेवतात आणि पुरात वाकतात. भिंत वाकत नाही.

आणि त्या वाळुंजापाशीच आमची फेरी थांबली, कारण बाबा थांबले होते.

झाडाच्या फांद्यांवर, माझ्या डोक्याच्याही बऱ्याच वर, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. कुणी फेकून इतक्या वर जाणार नाहीत. ताई म्हणाली, “काका, ही गेल्या जुलैची खूण.” २५ जुलै २०२४. त्या पहाटे खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, विठ्ठलवाडीत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. आपल्याच वर्गातल्या एकाचं घर तिथे आहे. आज तो आलाय, मी त्याच्याकडे बघत नाही, नाहीतर तो मला हसवेल. त्याची गाडी गेली, तळमजल्यावरचं सामान गेलं आणि लग्नाचे अल्बम गेले. अल्बमचं तो सगळ्यात कमी बोलतो.

क्युसेक हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे शंभर टँकर. एका सेकंदाला. तुम्ही ‘विठ्ठल’ म्हणेपर्यंत शंभर टँकर. आणि खडकवासला स्वतः लहान आहे, त्याची साठवण दोन टीएमसीच्याही आतली. रिकामं असलं तरी या वेगाने ते पंधरा-सोळा तासांत भरेल. म्हणजे वरून लोंढा आला की पाणी धरून ठेवण्याची सोय तिथे फार नाही. ते खाली सोडावंच लागतं. प्रश्न एवढाच उरतो की खाली त्याला जागा किती ठेवली आहे. विठ्ठलवाडीच्याच पात्रात रस्त्यासाठी भराव टाकला गेला होता. तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि तिथे नदीच्या बाजूने निकाल लागला. आता तिन्ही मिळून चव्वेचाळीस किलोमीटरचा नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प चालू आहे. मी त्याची विरोधक म्हणून इथे उभी नाही. बाग, फिरायला वाट कुणाला नको आहे? पण त्या शंभर टँकरांना जागा कुठे, हे ज्यांनी त्यांनी आपापल्या नगरसेवकाला विचारावं असं मला वाटतं.

बाबा त्या चिंध्यांकडे बघत म्हणाले, “आमच्या वेळी याच्याही वर होतं.”

आता हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या वर्गातले निम्मे जण पूरग्रस्त वसाहतींतले. सहकारनगर, दत्तवाडी, गोखलेनगर. आपण शाळेत असताना पत्ता सांगताना ‘पूरग्रस्त’ हा शब्द इतक्या सहज यायचा की तो एखाद्या पेठेचं नाव असावा असं मला लहानपणी वाटे. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत फुटलं. आंबी नदीवरचं ते नवं, अजून पुरं न झालेलं मातीचं धरण. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. मग त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही फोडली आणि दुपारी पाणी पेठांमध्ये शिरलं. लकडी पूल बुडाला. हे सगळं पुस्तकात आहे. बाबांच्या तोंडून मात्र मी ते कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते दहा वर्षांचे होते, नारायण पेठेतल्या वाड्यात राहत होते, एवढंच मला माहीत. नदीवर ते कधी येत नसत. पुलावरून जाताना स्कूटरचा वेग वाढवत, हे मला आता आठवतं.

विठ्ठलवाडीच्या त्या खडकावर ते बसले आणि बोलायला लागले. फेरीतली माणसं आपोआप भोवती बसली. ताईने पुढचा थांबा रद्द केला.

पाण्याआधी अफवा आली, म्हणाले. आजीने चार भावंडांना हाताला धरून पर्वतीकडे चालवलं. बरोबर काय घेतलं? दप्तर, आणि देवातला बाळकृष्ण. वरून बघताना पाण्यापेक्षा धूळ जास्त लक्षात राहिली. मातीच्या भिंतींचे वाडे एकेक करून बसत होते आणि पाण्यावर धुळीचे लोट उठत होते. आवाज मग येई. त्यांच्या वाड्यात दारालगतच्या खोलीत एक शिंपीकाका राहत. मुलांना चिंध्यांचे चेंडू करून देत. ते सगळ्यांबरोबर बाहेर पडले होते, पण कोपऱ्यावरून मागे फिरले. मशीन हप्त्याने घेतलेलं होतं.

आमच्या लेकीने विचारलं, “मग मशीन मिळालं का, आजोबा?”

बाबा म्हणाले, “मशीन मिळालं.”

पुढे कुणी काही विचारलं नाही. ती चार वर्षांची चिमुरडी तेवढी खडकावर पाय आपटत होती.

मग बाबा चिखलाबद्दल बोलले. घराघरांत गुडघाभर गाळ, भिजलेल्या धान्याचा वास, दोरीवर वाळत घातलेली वह्या-पुस्तकं. नदी घरात येऊन गेली आणि नळाला मात्र पाणी नाही, कारण धरणच गेलं होतं. पुढे गोखलेनगरला निस्सेन हटमध्ये बिऱ्हाड, अर्धगोल पत्र्याचं, उन्हाळ्यात भट्टी. आणि बऱ्याच वर्षांनी ते दोन खोल्यांचं घर, जिथे मी वाढले, जिथे तुमच्यापैकी कितीतरी जणींनी माझ्या आईच्या हातचे पोहे खाल्ले आहेत. ते घर आम्हाला या नदीने दिलं, असं बाबा म्हणाले. रागाने नाही म्हणाले. आनंदानेही नाही.

आता जरा रुक्ष भाग, पण हा ऐकाच. त्याच महिन्यात आम्ही एक नवं घर बघत होतो. सातवा मजला, गॅलरीतून नदी. दलाल ‘रिव्हर व्ह्यू’ हा शब्द असा उच्चारायचा की जणू आरती म्हणतोय. घरी परतताना बाबांनी विचारलं, “ते घर कोणत्या रेषेत आहे?” पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधता येतं. आमचं घर मधल्या पट्ट्यात होतं.

‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस निश्चिंत होतो. आपण काही शंभर वर्षं जगत नाही! पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता असा आहे, आणि ती दर पावसाळ्यात नव्याने लागू होते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशोब केला तर कर्ज फिटेपर्यंत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता अठरा टक्के निघते. निळ्या रेषेसाठी हाच हिशोब छप्पन्न टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे नाणेफेकीपेक्षा वाईट. गणिताचे सर हसताहेत. सर, तुमच्या लॉगॅरिथमच्या तक्त्यांचा उपयोग झाला, फक्त तीस वर्षं उशिरा.

आम्ही ते घर घेतलं नाही. नवऱ्याला अजून थोडी हळहळ आहे. सातव्या मजल्यावर पाणी येणार नाही हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण लिफ्टची यंत्रणा, विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि वॉचमनचं कुटुंब सातव्या मजल्यावर नसतं. यावर आमच्या घरी मतभेद आहेत आणि ते राहतील.

त्यानंतर आम्ही तीन फेऱ्या केल्या. एक पावसाळ्यात, अर्थात दुरून, पुलावरून. त्या दिवशी पाणी तांबडं, भरलेलं, आणि वास मातीचा. लेकीने विचारलं, “ही तीच नदी?” दुसऱ्या वेळी वर, धरणाच्या मागे गेलो. तिथे दगडाखाली चापट, तीन शेपट्यांची बारीक पिल्लं मिळाली. स्वच्छ, वाहत्या पाण्यातच राहणाऱ्या माश्यांची. तिने ती वहीत काढली आणि शेजारच्या पानावर विठ्ठलवाडीच्या लाल अळ्या. दोन पानांमध्ये तिने किलोमीटर लिहिले आहेत. आमच्या घरचा साबण बदलला, निदान भांड्यांचा. कपड्यांच्या बाबतीत अजून वाटाघाटी चालू आहेत.

बाबा प्रत्येक फेरीला आले. आता त्यांच्याजवळ दोनशे पानी वही आहे, आपण शाळेत वापरायचो तशीच, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर त्या शिंपीकाकांचं नाव आहे. बाबांना ते आठवायला दोन महिने लागले. पेठेतल्या एका जुन्या शेजाऱ्याकडून खात्री करून घेतली. पुढच्या पानांवर आतापर्यंत अकरा माणसांच्या आठवणी आहेत, १९६१च्या. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुणी कुणाला बाहेर काढलं, काय वाचलं, हे सगळं. मी ते हळूहळू टाइप करते आहे आणि जमेल तिथे पाण्याची उंची नकाशावर मांडते आहे. माझ्या शिक्षणाचा एवढा सरळ उपयोग मी कुठल्याच कंपनीत केलेला नाही. दहा वर्षांचे असलेले आज चौऱ्याहत्तरचे आहेत, तेव्हा घाई आहे.

बाबा आज इथे आले आहेत. मागच्या रांगेत, खिडकीजवळ, मफलर घातलेले. जेवणानंतर तास-दीड तास ते तिथेच बसणार आहेत, वही त्यांच्याजवळ आहे. तुमच्यापैकी कुणाच्या आईवडलांची, आजीची, पेठेतल्या शेजाऱ्याची आठवण तुम्ही ऐकली असेल तर ती त्यांना सांगा. आईवडील असतील तर त्यांचा फोन लावून द्या. एकतानगरीवाल्यांनीही सांगा, त्यासाठी वहीची मागची बाजू ठेवली आहे. आणि बाबांना जरा कमी ऐकू येतं, तेव्हा डाव्या बाजूला बसा.